मामांचं खारं पाणी

पूर्णेला मी चार वर्षं ज्यांच्या घरात भाडेकरू होतो, त्या माणसाबद्दल कुणी विचारलं की मी हसण्यासारखं काहीतरी सांगतो आणि विषय संपवतो. हसण्यासारखं पुष्कळ आहे. नळाखाली हात धरून, डोळे मिटून "हे मिनिटाला आठ लिटर" असं सांगणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी रोज सकाळी दात घासताना पाहायचो. पण हसून झालं की माझ्या तोंडात कडू चव येते. ती कशाची, ते आज सांगून टाकणार आहे. सांगितल्यानं ती जाईल अशी आशा मला नाही.

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. रेल्वेत चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. गाडी फलाटाला लागली की डब्यांच्या टाक्यांत पाणी भरायचं, आणि त्या पाण्याचे पंप, पाइप, व्हॉल्व्ह सांभाळायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, हार घातला, दोन शब्द बोलायला सांगितलं. मामा उभे राहिले आणि म्हणाले, "सातव्या नंबरचा व्हॉल्व्ह गळायलाय. मी सांगून थकलो. आता तुमी बघा." आणि खाली बसले. लोक अजून हा किस्सा सांगतात. मामांना त्यात विनोद काय आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या पिशवीत कायम दोन तोट्या, मूठभर वायसर आणि पांढऱ्या टेपचं रीळ असायचं. कुणाच्या लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी पाण्याच्या ड्रमची चौकशी करायचे. रस्त्यानं जाताना नळ गळताना दिसला की न विचारता त्या घरात शिरायचे. एकदा अशाच एका घरातल्या सुनेनं आरडाओरडा केला, चार माणसं जमली, मामा शांतपणे वायसर बदलून हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "वरडा खुशाल, पण नळ बंद करून वरडा." त्यांचा सगळ्यांत आवडता शब्द होता चाल. पाण्याला जोर नको, चाल पाहिजे, असं ते म्हणायचे. जोरानं पाइप फुटतो, चालीनं टाकी भरते. माणसांच्या बाबतीतही त्यांचं हेच मत होतं आणि ते तोंडावर सांगत असल्यामुळं त्यांच्याकडं फारसं कुणी यायचं नाही.

घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्कांना नवऱ्यानं तरुणपणीच टाकलेलं. मामांच्या बायकोचा फोटो आतल्या खोलीत होता, पण तिच्याबद्दल मामा बोलत नसत. तिच्याबद्दल मला पुढं आक्कांनी सांगितलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती बाळंतपणात गेली. मूल अर्धा दिवस जगलं. मामा तेव्हा ड्यूटीवर गाडीत पाणी भरत होते. निरोप आला तेव्हा राहिलेले तीन डबे भरूनच ते निघाले. "तीन डब्यांनं काय फरक पडला असता," आक्का म्हणाल्या, "पर त्याच्या मनातून ते तीन डबे जाईनात." दोन्ही जीव आक्कांच्याच मांडीवर गेले होते. मामांनी दुसरं लग्न केलं नाही.

हे मला आधी माहीत असतं, तर त्या दिवशी मी मोबाइलवरच्या व्हिडिओकडं इतक्या सहज पाहिलं नसतं. मी ओसरीवर वह्या तपासत बसलो होतो. चुडाव्याच्या बाजूला एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळी यायचं. मामा मोबाइल घेऊन आले. पडद्यावर समुद्रघोडा होता. बुद्धिबळातल्या घोड्यासारखं तोंड, शेपटी गवताच्या काडीला गुंडाळलेली, आणि त्याच्या पोटाच्या पिशवीतून बारीक पिल्लं भसाभसा बाहेर पडत होती.

"सर, हे खरं हाय का? ह्यो नर हाय म्हणं."

"खरं आहे. मादी अंडी त्याच्या पिशवीत ठेवते. पुढचं सगळं तो करतो."

"मंग बाईला कायच न्हाई?"

"काही नाही."

मामांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "देवाला हे जमत होतं तर." आणि तो व्हिडिओ त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून लावला.

महिन्याभरात पुढच्या खोलीत काचेची टाकी आली. दुकानांचे शोकेस करणाऱ्या माणसाकडून ती करून घेतली होती. रुंदीपेक्षा उंच, कारण हे घोडे उभे पोहतात. पूर्णेहून समुद्र किती लांब आहे ते नकाशात बघा. मामांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. गल्लीनं त्यांना वेड्यात काढलं आणि मीही त्या हसण्यात होतो.

पण ते काम मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्या कामाला हसणं मला पुढं जमलं नाही. समुद्राचं मीठ कुरियरनं यायचं. ते जारच्या पाण्यात कालवून एक दिवस मुरू द्यायचं. खारटपणा मोजायला यंत्र मिळेना, तर मामांनी दूध डेअरीतून लॅक्टोमीटर आणला. दुधात पाणी किती ते बघायची ती काचेची नळी मिठाच्या पाण्यात पंचविसाच्या रेघेपर्यंत बुडाली की समुद्राचं पाणी झालं. डेअरीवाला म्हणाला, "मामा, आमच्या गिऱ्हाइकांना हे शिकवू नका बरं." मी पुस्तकात पाहून हिशेब केला तर तो बरोबर निघाला.

टाकीच्या मागं एकाखाली एक तीन बादल्या. टाकीतलं पाणी वरून सांडून पहिल्या बादलीत यायचं, तिथं पंच्याचं फडकं घाण धरायचं. दुसरीत स्पंज. तिसरीत छिद्राछिद्राचे दगड, ते मामांनी स्वतः रानातून वेचून, उकळून आणलेले. तळाला कूलरची मोटर, ती पाणी परत वर चढवायची. ही मोटर त्यांची खरी दुश्मन होती. समुद्रघोड्याला धड पोहता येत नाही. पाण्याच्या जोरात तो भेलकांडतो, मोटरच्या तोंडाशी ओढला जातो. पाणी साचून राहिलं तरी त्याला चालत नाही. मामांनी काय करावं? वर जाणाऱ्या नळीला दवाखान्यातल्या सलाइनची चावी लावली, ते चाक फिरवून थेंब कमीजास्त करतात ना, ती. पाइपला बारीक भोकं पाडून तो काचेकडं तोंड करून बसवला, म्हणजे पाणी काचेवरून घसरत उतरेल, बुडबुडा उठणार नाही. बुडबुड्यांनी घोड्याला रोग होतो, म्हणून खोलीत बुडबुडा हा शब्दसुद्धा ते दबक्या आवाजात उच्चारायचे. मग टाकीत जागोजाग पांढरा दोरा सोडून तासन्‌तास बघत बसायचे. "दोरा नाचला न्हाई पायजे सर, झुलला पायजे. पाळण्यावानी."

उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून नळीची वेटोळी ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या रांजणातून फिरवली. लाइट गेली तर बॅटरी. सगळं झालं, तरी टाकी रिकामीच. मी विचारलं, आता कशाची वाट बघताय? म्हणाले, "पाणी पिकायचंय अजून. लोणच्यावानी मुरावं लागतं. स्पंजावर ती घाण धरती बघा, त्या घाणीतच सगळा माल हाय. ती घाण पाण्याचं विष खाती." मी मान डोलावली. दहावी नापास माणूस आपल्या भाषेत काहीतरी सांगतोय, इतकंच माझ्या डोक्यात गेलं. तीन महिने टाकीत फक्त दोरा झुलत होता.

घोडे आले ते आषाढात. दक्षिणेकडच्या गाडीवर काम केलेला त्यांचा एक जुना सोबती, त्याची लेक किनाऱ्यावरच्या गावात दिलेली. मासळीच्या जाळ्यात हे घोडे अडकून येतात, वाळवून विकले जातात. त्यांतले दोन जिवंत, पाण्याच्या कॅनमध्ये, दोन दिवसांचा प्रवास करून पूर्णेच्या फलाटावर उतरले. मामांनी ती कॅन रिक्षात ठेवली नाही. हादरे बसतील म्हणून छातीशी धरून चालत घरी आणली.

हा प्राणी घरात ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे, वाघाच्या पंक्तीतला, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. मी सांगितलं तेव्हा मामांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मंग ठेवायचेच न्हाईत. पिल्लं होऊ द्या फक्त. जरा मोठी झाली की समद्यांला घेऊन जातो न् समुद्रात सोडतो. रेल्वेचा पास हाय की माझा." वनखात्याला कळवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. त्यांच्या तोंडाकडं बघून मला ते जमलं नाही.

सुरुवातीला आक्कांना ते सगळं प्रकरण अजिबात पटलेलं नव्हतं. पण या प्राण्याला जठर नाही. खाल्लेलं लगेच बाहेर जातं, म्हणून दिवसातून चारदा भरवावं लागतं. सोड्याच्या बाटलीत झिंग्यांच्या अंड्यांची पूड टाकून उबवलेली बारीक पिल्लं लांब पिचकारीनं त्यांच्या तोंडापुढं सोडायची. मामांचा हात थरथरायचा, म्हणून ते काम आक्कांकडं आलं. "पोटच न्हाई मेल्यांला, कवा बी उपाशीच," असं म्हणत त्या चार वेळा उठायच्या. रोज सकाळी उजेड झाला की नर-मादी जवळ येऊन शेपट्या गुंतवायचे आणि धरायला म्हणून टाकीत लावलेल्या काडीभोवती गोल फिरायचे. आक्का हात जोडून बघत बसायच्या. एवढ्या वर्षांत त्या घरात कुणी कुणाला असं रोज भेटलेलं नव्हतं.

भादव्यात नराची पिशवी फुगली. मामांनी मला शाळेतून आल्या आल्या हाताला धरून नेलं. "दिवस गेलेत, सर. बापाला दिवस गेलेत." त्यांचे डोळे भरलेले होते. नंतरचे दिवस त्या घरात गरोदर बाई असल्यासारखे गेले. मोठ्यानं बोलायचं नाही, दार आपटायचं नाही. आक्कांनी पिल्लांसाठी वेगळी बाटली उबवायला घातली. मामांनी सलाइनचं चाक आणखी अर्धा आटा आवळलं. गल्लीतल्या बायका चौकशी करायला लागल्या. मामा एकदा मला म्हणाले, "ह्या बारीला मी ड्यूटीवर जाणार न्हाई." हे त्यांनी हसत सांगितलं होतं.

आता माझा भाग येतो.

घट बसायच्या आधी आमच्याकडं घर धुऊन काढतात. गोधड्या, चादरी, भांडी, भिंतीवरची जळमटं, काही सोडायचं नाही. देवी यायची तर घरात कुठं घाण राहता कामा नये. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. आठ दिवसांनी नळ आला होता, ब्लीचिंगच्या वासाचं पाणी जोरात येत होतं. मामा डोळ्यांच्या डॉक्टरकडं परभणीला गेले होते. मी ओसरीवर नववीचे पेपर तपासत होतो. आक्का बादली घेऊन माझ्यापुढं उभ्या राहिल्या. बादलीत तो स्पंज होता, तपकिरी, शेवाळलेला, बुळबुळीत.

"सर, ह्याला वास यायलाय. उद्या घट बसायचेत. घोड्याचं बाळंतपण जवळ आलंय, न् असल्या घाणीतून पाणी जायलाय लेकरांला. भाऊ म्हणतो हात लावू नको. का ते सांगत न्हाई. तुमी शिकलेले हाव. धुऊ का?"

मी पेपरातून मान वर केली की नाही, तेही मला आठवत नाही. "धुवा की आक्का," मी म्हणालो. "स्वच्छतेनं कुणाचं वाईट झालंय?"

आक्कांनी तो स्पंज नळाखाली आपटून आपटून धुतला. माशाला बाधेल म्हणून साबण लावला नाही. फडकं धुतलं, तिसऱ्या बादलीतले दगड ब्रशनं घासून पांढरे केले. सगळं दुपारच्या उन्हात कडक वाळवलं आणि जिथल्या तिथं ठेवलं. टाकीतल्या पाण्याला हात लावला नाही, कारण ते भावानं मोजून केलेलं होतं. एवढं जपून, एवढ्या मायेनं मी कुणाला काम करताना पाहिलेलं नाही.

मामा संध्याकाळी आले. मागच्या बादल्या बघितल्या आणि तिथंच खाली बसले. "कुणी धुतलं?"

"मी," आक्का आनंदानं म्हणाल्या. "सरांना इचारून."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. कॅनमध्ये तयार असलेलं खारं पाणी थोडंच होतं, तेवढं बदललं आणि नवीन मीठ कालवायला घेतलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. प्राण्यांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, त्याचं नायट्रेट करतात. हे मी अकरा वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवत आलो होतो. आकृतीला दोन गुण देत होतो. ते जिवाणू समोर बादलीत आले तर मी त्यांना ओळखलं नाही.

चार दिवस मामा पाणी बदलत राहिले. जेवढं मुरेल तेवढं घालत होते. न मुरलेलं घालता येत नव्हतं. तिसऱ्या माळेला मादीची शेपटी काडीवरून सुटली आणि ती तळाला आडवी पडली. पाचव्या माळेच्या सकाळी नरानं पिल्लं टाकली, दिवस भरायच्या आधीच. जिऱ्याच्या दाण्याएवढी, शंभरावर असतील. प्रत्येकाला तोंड होतं, शेपटी होती. मामांनी स्वतःच्या हातानं सलाइनचं चाक बंद केलं, कारण तेवढीही चाल त्या पिल्लांना फरफटत नेत होती. पाणी थांबलं. आक्का बाटलीतून पिचकारी भरत होत्या, सोडत होत्या. एकही पिल्लू तोंड उघडेना. दुपारच्या आत सगळी तळाला बसली होती. नर संध्याकाळी गेला. त्या दिवशी मी शाळेला गेलो नव्हतो. माझा उपयोग काहीच नव्हता, पण उठून जायचीही हिंमत नव्हती.

आक्कांनी पिचकारी खाली ठेवली. "माझ्या हातानं झालं का रे?" त्यांनी विचारलं. "ह्या बारीला बी माझ्याच मांडीवर?"

"न्हाई आक्का," मामा लगेच म्हणाले. "खारं पाणी हिकडच्या हवेत टिकतच न्हाई. सरांला इचार. हो ना सर?"

मी हो म्हणालो. आक्कांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी शिकलेला होतो.

दिवाळीनंतर मामांनी टाकी रिकामी करायला काढली. तर ते पाणी टाकायचं कुठं? मोरीत सोडलं तर शेजारच्या परड्यातल्या भाजीला जातं, झाडाला घातलं तर झाड जळतं, रानात कुणी ओतू देईना. खाऱ्या पाण्यानं जमीन मरते, हे इकडच्या पोराटोरांनाही माहीत असतं. शेवटी रेल्वेच्या पलीकडं एक खडकाळ खड्डा होता, तिथं नेऊन ओतायचं ठरलं. दोन कॅन त्यांच्या हातात, दोन माझ्या. फेऱ्या मारत होतो. तिसऱ्या की चौथ्या फेरीला रुळांपाशी मालगाडी आडवी आली म्हणून थांबलो. त्या दिवसानंतर मामा माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. डबे मोजत असल्यासारखं ते गाडीकडं बघत होते आणि तसंच बघत त्यांनी विचारलं.

"सर, त्या स्पंजाच्या घाणीत जीव असतो. तो विष खातो. हे तुमच्या पुस्तकात हाय का हो?"

ते मला पकडायला विचारत नव्हते. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. आपण जे नुसतं बघून, हात घालून शिकलो, ते शिकलेल्यांना माहीत असतं का, एवढंच. नववीच्या पुस्तकात ते आहे. पुढच्याच आठवड्यात मला तो धडा शिकवायचा होता.

"नाही मामा," मी म्हणालो. "पुस्तकात नाही."

त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं वळून बघितलं. "मंग ठीक हाय," ते म्हणाले. "मंग तुमची बी चूक न्हाई. मला उगंच तुमचा राग यायला होता."

गाडी गेली. मामांनी माझ्या हातातली एक कॅन काढून स्वतःकडं घेतली, मला जड होत असेल म्हणून, आणि आम्ही रूळ ओलांडले.